ओसाकाच्या हिशेबवह्यांतून घडलेले साहित्य

एदो काळातील (१६०३–१८६८) जपानी साहित्याचा विषय निघाला की बोलणे बहुधा बाशोच्या हायकूंवर येऊन थांबते. बाशोबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु त्या काळातील शहरी माणसे कशी जगत होती आणि कशाला घाबरत होती हे जाणून घ्यायचे असेल, तर ओसाकाच्या बाजारपेठेत वावरलेल्या दोन लेखकांकडे वळावे लागते, असे माझे ठाम मत आहे. इहारा साइकाकु (१६४२–१६९३) आणि चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३–१७२५) यांच्या लेखनात पैसा निव्वळ तपशील म्हणून येत नाही. जुन्या दरबारी कथांमध्ये जे काम पूर्वजन्मीचे कर्म करीत असे, ते येथे न फिटलेली देणी करतात.

शोगुनांच्या (लष्करी राज्यकर्त्यांच्या) राजवटीत सामुराई, शेतकरी, कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी अशी समाजाची उतरंड ठरलेली होती. प्रत्यक्षात सरदारांना सारा तांदळाच्या रूपाने मिळत असे, तो विकून रोकड उभी करण्यासाठी त्यांनी ओसाकात वखारी ठेवल्या होत्या आणि त्याच व्यवहारातून तेथील व्यापारी त्यांचे सावकार बनले. संपत्ती होती, अधिकार मात्र नव्हता. १७०५ मध्ये योदोया या धनाढ्य घराण्याची सारी मालमत्ता सरकारने जप्त केली, कारण त्यांचा थाट व्यापाऱ्याच्या पायरीला शोभणारा नव्हता.

साइकाकु स्वतः याच वर्गातला. १६८८ मधील ‘निप्पोन एइताइगुरा’ या त्याच्या संग्रहात धन कसे जोडले जाते आणि कसे लयाला जाते, याच्या कथा आहेत. क्योतोतील फुजिइची हा त्यातला माझा आवडता गृहस्थ. वर्षाअखेरीस दारी आलेले गरम ‘मोची’ (तांदळाच्या चिकट पिठाचे गोळे) नोकर वजन करून घेतो, तेव्हा तो रागावतो. थंड झाल्यावर पुन्हा वजन केले तर ते कमी भरते. श्रीमंत होण्याचा मार्ग विचारायला तरुण मुले त्याच्याकडे येतात. स्वयंपाकघरातून वाटण्याचा आवाज येत असल्याने ती जेवणाची आस लावून बसतात. शेवटी तो सांगतो की, या वेळी जेवण वाढायला हवे, पण ते न वाढणे हाच श्रीमंतीचा मार्ग आहे. आतला आवाज हिशेबवहीच्या वेष्टनासाठी खळ वाटण्याचा होता. साइकाकु या माणसाची टिंगल करीत नाही आणि त्याला डोक्यावरही घेत नाही, आणि मला ही तटस्थता फार मोलाची वाटते.

१६९२ च्या ‘सेकेन मुनेसान्यो’ या संग्रहातील कथा वर्षाच्या शेवटच्या दिवसाभोवती फिरतात. खरेदी उधारीवर होत असे, देणी ठरावीक सणांना चुकती केली जात आणि सर्वांत मोठा हिशेब वर्षाअखेरीस होई. पहाट होईपर्यंत वसुलीवाल्यांना चुकवता आले, तर नव्या वर्षापुरता जीव भांड्यात पडे. एका कथेत कर्जबाजारी गृहस्थ सुरा घेऊन वेड लागल्याचे सोंग करतो आणि कोंबडीची मान छाटतो. सारे पळतात, पण लाकडाच्या वखारीचा कोवळा नोकर मात्र हलत नाही. पैसे मिळाले नाहीत म्हणून तो दाराचा खांबच उखडू लागतो, कारण खांब अजून त्याच्या मालकाचाच आहे. शेवटी देणे फेडून घेऊन तो त्या गृहस्थाला पुढच्या वर्षासाठी याहून चांगले सोंग शिकवतो: दुपारपासूनच नवरा-बायकोने जोरात भांडत राहावे. ऋणको आणि धनको एकाच पेचात अडकलेले आहेत, हे इतक्या मायेने सांगणारे लेखन मी क्वचितच वाचले आहे.

चिकामात्सु मूळचा सामुराई घराण्यातला. त्याने याच जगाची शोकांतिका केली. १७०३ मध्ये सोनेझाकीच्या वनात एका जोडप्याने एकत्र आत्महत्या केली आणि महिनाभरातच ती घटना ताकेमोतो-झा या बाहुलीनाट्यगृहात रंगमंचावर आली. नाटकातील तोकुबेई हा सोया सॉसच्या दुकानातला नोकर. मालकाला परत करायची दोन कान (सुमारे साडेसात किलो) चांदी तो मित्राला थोड्या दिवसांसाठी देतो. मित्र उलट त्याच्यावरच खोट्या शिक्क्याचा आरोप करतो. पत गेलेल्या माणसाला या शहरात जगता येत नाही, म्हणून तो प्रेयसीसह मरण पत्करतो. या नाटकाच्या यशामुळे कर्जात बुडालेले नाट्यगृह सावरले, हेही नोंदवण्याजोगे आहे.

या सर्वांत चिकामात्सुचे ‘शिंजू तेन नो आमिजिमा’ (१७२१) हे नाटक मला श्रेष्ठ वाटते, आणि ते ओसानमुळे. कागदविक्रेत्या जिहेईची ही पत्नी कोहारू या गणिकेला गुपचूप पत्र लिहून नवऱ्याला सोडण्याची विनवणी करते आणि कोहारू ती मान्य करते. पुढे दुसराच कोणी कोहारूला विकत घेणार असे कळल्यावर ती जीव देईल, हे ओसान ओळखते. एका स्त्रीचे उपकार आपल्यावर आहेत, या जाणिवेने ती कागदाच्या देण्यासाठी राखलेली चांदी बाहेर काढते, स्वतःचे आणि मुलांचे कपडे गहाण टाकायला निघते, आणि कोहारू घरात आली तर आपण मुलांची दाई होऊ किंवा स्वयंपाक करू, असे म्हणते. तेवढ्यात तिचे वडील येऊन तिला घेऊन जातात, आणि वाचवता आले असते ते दोन्ही जीव जातात. १७२३ मध्ये सरकारने अशा नाटकांवर बंदी घातली आणि एकत्र मरणाऱ्यांना अंत्यसंस्कारही नाकारले. नाटके लोकांच्या मनात किती खोल गेली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दिसत नाही.