जीप थांबते तिथून पुढे

काल सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर आशाताईंबरोबर, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविकेबरोबर, दिवसभर हिंडलो. जीप थांबली तिथून दीड तासाचा चढ. ताई प्लास्टिकच्या चपलेत झपाझप पुढे, मी बुटांत, धापा टाकत मागे.

पाडा म्हणजे घरांचा पुंजका, हा माझा समज पार चुकीचा निघाला. इथे ज्याचं घर त्याच्या शेतात. एक या टेकाडावर, दुसरं दरीपलीकडे. हजार लोकवस्तीला एक आशा हा सर्वसाधारण निकष सपाटीवर ठीक आहे हो. आमची चार घरं होईस्तोवर दुपार टळली.

पाणी खालच्या नाल्यातल्या झिऱ्याचं. वाळूत हातभर खड्डा, आणि एक मुलगी वाटीने हंडा भरत होती. वाटी तिरकी धरून, तळाचा गाळ न हलवता. मी मदतीला गेलो आणि सगळं गढूळ करून ठेवलं. ती काही बोलली नाही, पाणी निवळेपर्यंत नुसती बसून राहिली.

एका घराच्या आढ्याला बांबू आणि गोधडीची झोळी खोचलेली. आजारी माणसाला, बाळंतिणीला खाली न्यायची सोय. पेपरात हिला ‘बांबूलन्स’ म्हणतात. मला तो शब्द गमतीदार वाटायचा.

"उचलायला चार माणसं लागतात दादा," ताई म्हणाल्या. "ऊसतोडीच्या दिवसांत पाड्यावर तेवढी सापडत नाहीत. सगळे गुजरातेत."

उतरताना एका खडकावर चढून त्यांनी फोन वर धरला. रेंज तिथेच येते. पहिलाच मेसेज : आजची माहिती आजच ऑनलाइन भरा.