सासूबाईंचा ठणका आणि एनएचएसची जनसुनावणी

सासूबाई आमच्याकडे इंग्लंडमध्ये राहायला आल्या त्याला पंधरा वर्षं झाली. हिंदी मालिका त्या आवडीने बघतात, पण दुखणं मात्र त्यांना मराठीतच सांगता येतं. गुडघा ठणकणं वेगळं, गुडघ्यात चमक येणं वेगळं, कळ लागणं आणखी वेगळं. डॉक्टरकडे गेल्यावर या सगळ्याचं इंग्रजीत 'पेन' होतं.

म्हणूनच एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, पुढच्या दहा वर्षांच्या आराखड्यासाठी सरकारने २१ ऑक्टोबर २०२४ पासून लोकांची मतं मागवायला सुरुवात केली, तेव्हा त्यात आईंचं म्हणणं गेलंच पाहिजे असं मला वाटलं. सूचना ऑनलाइन देता येत होत्या. आमच्या भागात एक बैठकही ठरली होती. आईंनी स्वतः बोलावं म्हणून मी बैठक निवडली.

तिथेच सगळं अडलं. नोंदणीच्या फॉर्ममध्ये दुभाष्यासाठी भाषा निवडायची होती. गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली, हिंदी होती. मराठी नव्हती. 'इतर' निवडून मी 'मराठी' लिहिलं. अकरा दिवस उत्तर नाही. फोन केला तर पस्तीस मिनिटं नुसतं संगीत ऐकलं, मग एक बाई म्हणाल्या, "हिंदी चालेल ना?" नाही चालणार, हे मी त्यांना ठणक्याचं उदाहरण देऊन समजावलं. त्यांनी नोंद करून घेतली. पुन्हा ईमेल, पुन्हा शांतता. बैठकीच्या दोन दिवस आधी उत्तर आलं: दुभाषी मिळाला नाही, घरातल्या कुणीतरी भाषांतर करावं.

घरातलं कुणीतरी म्हणजे मीच. पण आईंना लघवीचाही त्रास आहे. तो त्या पंधरा अनोळखी लोकांत, तेही सुनेच्या तोंडून कशाला सांगतील? याचा मला आजही राग येतो. दुभाषी ही चैन नाही, बाईमाणसाची अब्रू आहे.

बैठकीला गेलो नाही. माझी एक मैत्रीण इथे नर्स आहे. रविवारी ती घरी आली, आईंसमोर स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली आणि मी बाहेर चालायला गेले. तासाभराने तिचा फोन आला, "ठणक्याला काय लिहू?" शेवटी तो शब्द आम्ही रोमन लिपीत तसाच ठेवला आणि पुढे अर्थ लिहिला. बाकी काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

तुम्ही कधी असं काही भरणार असाल तर उत्तरं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा, मग चिकटवा. आणि दुभाषी मागितल्याचा ईमेल जपून ठेवा, फोनवरच्या बोलण्यावर राहू नका. हो, आणि सगळ्यात आधी घरातल्या माणसाला विचारा, तुला कुणासमोर बोलायला आवडेल? मी हे शेवटी विचारलं.

३ जुलै २०२५ ला आराखडा आला. इस्पितळातले उपचार वस्तीजवळ, कागदाऐवजी डिजिटल, आजारानंतरच्या धावपळीऐवजी आधीच प्रतिबंध, असे तीन बदल त्यात आहेत. एनएचएसचं ॲप म्हणजे 'खिशातला डॉक्टर' होणार, वस्तीवस्तीत आरोग्य केंद्रं होणार, हे मी आईंना वाचून दाखवलं. ॲपचं त्यांनी ऐकून घेतलं. केंद्राचं ऐकल्यावर विचारलं, "तिथं आपलं बोलणं समजणारं कुणी असेल का गं?"

केंद्र उघडलं की पहिल्या दिवशी जाऊन मी हेच विचारणार आहे.