मडगाव ते चांदर: जुन्या पाइनच्या फळ्या पारखताना

मडगावहून चांदरकडे जाताना एखाद्या जुन्या दुमजली घरात शिरायला मिळालं, तर आधी मान वर करा. माडीची जमीन खालूनच दिसते: तुळयांवर बसवलेल्या रुंद फळ्या आणि खाली मोकळा वारा. त्या टिकल्या त्यात लाकडाइतकाच या वाऱ्याचाही वाटा आहे. बाणावलीचं गोवा चित्र संग्रहालयही बघाच; पाडलेल्या घरांतून वाचवलेलं लाकूड किती कामाचं असतं ते तिथे कळतं.

अशा जमिनीसाठी जुनं पाइन घ्यायचं, तर ते मात्र इथलं नाही. फ्लोअरिंगवाले ज्याला अँटिक हार्ट पाइन म्हणतात, ते अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या लाँगलीफ पाइनचा गाभा: तांबूस, जड, राळेनं भरलेला. तिथल्या जुन्या गिरण्या आणि गोदामांच्या तुळया चिरून त्या फळ्या निघतात. आपल्याकडे वखारीत ‘जुनं पाइन’ म्हणून समोर येतं ते बहुधा आयात मालाच्या खोक्यांचं, फिकट आणि नख रुतणारं. तेही वापरता येतं, पण भाव खोक्याच्या लाकडाचाच द्यावा. त्यावर ‘एचटी’ शिक्का असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ते घरात नको.

फळीचं तोंड, म्हणजे कापलेलं टोक, ओलं करून वाढीची वर्तुळं मोजा. इंचात आठ-दहा किंवा जास्त असतील तर झाड सावकाश वाढलेलं. प्रतवारीला सर्वांवर बंधनकारक असं एकच माप नाही, म्हणून नावावर न जाता नमुना मागावा. साधारणपणे वरच्या प्रतीत जवळपास सगळा गाभा, गाठी नि खिळ्यांची भोकं कमी. खालच्या प्रतीत गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड, भेगा आणि लोखंडाचे काळे डाग. हे डाग दिसण्यापुरते असतात, फळी त्यानं कमकुवत होत नाही. मऊ पडलेली भोकं आणि ताजा भुसा दिसला तर मात्र फळी परत करावी.

आमच्या मते गोव्यासाठी उभ्या रेषांची, म्हणजे तोंडावर वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसतात अशी, फळीच घ्यावी. ओलावा 5 टक्के वाढला, तर 150 मिलिमीटर रुंदीची आडव्या चिराची (तोंडावर रेषा आडव्या दिसणारी) फळी सुमारे 2 मिलिमीटर फुगते. उभ्या रेषांची सुमारे 1.3. खोलीभर फळ्यांची ही वाढ जोडा, म्हणजे पावसाळ्यात जमीन का उचलते ते कळेल. म्हणून मध्ये पट्ट्या घालून फळ्या त्याच खोलीत दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात, मीटरवर ओलावा 11 ते 13 टक्के आला की बसवाव्यात, भिंतीलगत 12 ते 15 मिलिमीटर फट सोडावी. तळमजल्यावर चिऱ्यांतून ओल चढत असेल, तर पाइन थेट टाकूच नये.

रंध्यापूर्वी प्रत्येक फळीवरून मेटल डिटेक्टर फिरवावा. मोडका खिळा पात्याचा तुकडा पाडतो. राळ पॉलिशपेपरात भरते, म्हणून सुरुवात 36 किंवा 40 नंबरनं करून कागद वारंवार बदलावा.