हिप्परग्याच्या पाण्यावरचा कुरव

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे गावातले रस्ते बंद, त्यामुळे दवाखान्यात शुकशुकाट. दहाच्या सुमाराला हिप्परग्याच्या एका मच्छीमार मामांचा फोन आला.

"डाक्टर, जाळ्यात पाखरू गुतलंय. बगळा न्हाई, बदक बी न्हाई. पाय लाल हाईत. बिगी या."

मी पशुवैद्य. दिवस जातो तो पंढरपुरी म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांत. मिरवणुकीला वळसा घालून तुळजापूर रोडने तलावावर पोचायला पाऊण तास लागला. कागदोपत्री एकरूख म्हणतात तो हा तलाव, 1871 साली पूर्ण झालेला.

मामांनी पाखरू ओल्या पंचाने झाकून ठेवलं होतं. पंचा उचलला आणि मी जागीच थबकलो. कुरव! घारापुरीला जाताना लाँचमागे थव्याने येतात आणि लोक ज्यांना 'सीगल सीगल' म्हणत गाठी-शेव फेकतात (ती फेकू नये, पक्ष्याचं ते अन्न नव्हे), त्यांच्यातलाच हा. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरहून लांब. पण हा तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट, लडाखकडच्या उंच तळ्यांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरतो, तसा आतल्या मोठ्या पाण्यावरही. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरंच असतं. कानामागे तेवढा शाईचं बोट पुसल्यासारखा डाग. पंखांची टोकं काळी, त्यांत पांढरे ठिपके, डोळा फिकट.

कुणीतरी सोडून दिलेल्या फाटक्या नायलॉन जाळ्याचा धागा पंखाच्या पुढच्या कातडीत रुतला होता. मी त्याला धरलं आणि तिथेच चुकलो. कोंबडीच्या सवयीने हात छातीवर आवळले गेले. त्याने चोच वासली, मान मागे टाकली. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. हे मला कॉलेजपासून पाठ होतं. झटकन पकड सैल केली, पण ती वासलेली चोच अजून डोळ्यांसमोर येते.

मग गाडीतला जुना सोलापुरी टॉवेल काढला, डोळे झाकले, मामांना पाय धरायला लावले. टाक्याच्या कात्रीने एकेक फास कापत गेलो. अकरा फास. हाड शाबूत होतं. सलाईनने जखम धुताना त्याच्या नाकपुड्या जवळून दिसल्या, अगदी कोरड्या. समुद्रावर हाच पक्षी खारं पाणी पितो, डोळ्यांवरच्या ग्रंथी जादा मीठ गाळतात आणि ते नाकपुड्यांतून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. गोड्या पाण्यावर त्या ग्रंथींना विसावा.

वनविभागाला कळवलं. त्यांचा माणूस येईपर्यंत कुरव भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवला. चार वाजता त्यांच्यासमोर खोका पाण्याकाठी आडवा केला.

तो चालत बाहेर आला. दोन्ही पंख पसरून पाहिले, मिटले. मामांनी माझा दंड धरला होता. मग तो उडाला, थोडा डावीकडे कलत, आणि वीसेक हातांवर पाण्यात उतरला. लांब बसलेल्या थव्यातून एक आवाज आला. यानेही दिला.

"बोलला," मामा म्हणाले आणि उरलेलं फाटकं जाळं ओढून काढायला होडीत बसले.