मोडून बघायची मुभा

शनिवार, रात्री अकरा. घणसोली.

घर झोपलंय. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बॅकअप चालू आहे, तोवर हे लिहून काढते.

तीन शनिवार मी एकाच कामात आहे. आमचा कॉम्प्युटर २०१७ साली घेतलेला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, आणि मागाहून सेकंडहँड घातलेलं रेडिऑन आरएक्स ५७० कार्ड. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या यादीत हा प्रोसेसर नाही. पण मशीन ठणठणीत आहे. चालती वस्तू भंगारात घालायला माझा हात होत नाही. लेकाला त्यावर खेळायचंय, मला काम करायचंय, म्हणून बॅझाइट लावायचं ठरवलं. ही फेडोरा नावाच्या लिनक्सवर उभी केलेली, खास खेळांसाठीची लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम. खेळ घ्यायचं आणि चालवायचं स्टीम हे ॲप आत बसवूनच येतं.

पण त्या मशीनवर थेट नाही लावली. आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये.

त्याला जुनं कारण आहे. २००६ साली मी बारावी देऊन घरी होते, ठाण्याला नौपाड्यात. उबंटू या लिनक्सच्या सीड्या तेव्हा फुकट घरपोच यायच्या. अर्ज भरायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी शिक्क्याचं पाकीट आणून द्यायचा. ते पाकीट हातात आलं तेव्हाचा आनंद अजून आठवतो. ६.०६ आवृत्ती होती. पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या पानावर पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय होता, मी तो निवडला आणि पुढे जात राहिले. बाबांचा डी ड्राइव्ह गेला. सोसायटीचे चार वर्षांचे हिशेब आणि आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो. हिशेब बाबांनी व्हाउचरं काढून, रोज रात्री बसून दोन महिन्यांत पुन्हा लिहिले. फोटो गेले ते गेलेच. बाबा रागावले नाहीत. "पुढच्या वेळी आधी मला सांग," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी आजी गेली.

तेव्हापासून ज्या कॉम्प्युटरवर घरच्यांचं काही आहे, त्यावर मी तालमीशिवाय काहीही केलेलं नाही.

मांडणी सोपी आहे. व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये नवं मशीन, ८ जीबी रॅम, चारपैकी दोन कोअर, ६४ जीबीची डिस्क, ईएफआय या नव्या बूट पद्धतीवर टिक. ही डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक फाइल, त्यामुळे 'सगळं पुसा' म्हटलं तरी पुसली जाते ती फक्त फाइल. डाउनलोड मात्र सात-आठ जीबींचं, रात्री लावून झोपले. डाउनलोडआधी आपलं हार्डवेअर कोणतं, डेस्कटॉप कोणता, सुरू होताच थेट स्टीमचा गेमिंग मोड हवा का, असे प्रश्न येतात. मी 'हवा' म्हटलं आणि पहिला शनिवार काळ्या स्क्रीनपुढे गेला. तो मोड गेमस्कोप नावाच्या प्रोग्रॅमवर चालतो आणि त्याला खरं ग्राफिक्स कार्ड लागतं. निवड माझी चुकली होती. दुसऱ्या शनिवारी साधी केडीई डेस्कटॉपवाली आवृत्ती घेतली, ती बिनबोभाट बसली.

मग मी ती मोडायला बसले.

लेक शेजारी येऊन बसला. त्याला म्हटलं, "आता बघ, आपण हिचं पोटच काढू." टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडून यूएसआर या सिस्टीमच्या फोल्डरमधले सगळे प्रोग्रॅम पुसायची आज्ञा दिली. ओळींमागून ओळी धावल्या आणि प्रत्येक ओळीत तेच: फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती. एकही प्रोग्रॅम हलला नाही. "आई, ती ऐकतच नाही तुझं!" पोरगं टाळ्या पिटायला लागलं. बॅझाइटचा गाभा एकसंध प्रतिमेसारखा, म्हणजे सगळ्या सिस्टीमची एकच तयार प्रत असा येतो आणि चालू असताना त्याला सहजासहजी हात लावता येत नाही. अपडेट आलं की शेजारी दुसरी प्रतिमा तयार होते, रीस्टार्ट केलं की त्या नव्या प्रतिमेत जायचं, जुनी जागेवरच राहते.

सेटिंग्जच्या ईटीसी फोल्डरमध्ये मात्र लिहिता येतं. म्हणून अपडेट करून घेतलं, रीस्टार्ट करून नव्या प्रतिमेत गेले आणि तिथल्या एफस्टॅब फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, जगात नसलेल्या डिस्कची ओळ घातली. रीस्टार्ट. त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघून सिस्टीम इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबली. हे असं खऱ्या मशीनवर रात्री बारा वाजता दिसलं असतं तर माझ्या छातीत धडधडलं असतं. इथे शांतपणे मशीन बंद-चालू केलं, बूट मेन्यूत खालची, जुनी नोंद निवडली आणि डेस्कटॉप समोर आला. जुन्या प्रतिमेचं ईटीसी तिचं तिच्याजवळ वेगळं असतं, माझी चुकीची ओळ तिथे पोचलीच नव्हती. तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा लेकाने एकट्याने केलं.

चौथा प्रयोग मी तो झोपल्यावर केला. होम फोल्डरमध्ये एक फोटो ठेवला, पुसला, कचरापेटीही रिकामी केली आणि जुन्या प्रतिमेत परत गेले. फोटो आला नाही. येणारच नव्हता. होम फोल्डर दोन्ही प्रतिमांना सामायिक असतं. मागे जाते ती सिस्टीम, आपल्या वस्तू नाहीत. मला हे वाचून माहीत होतं, तरी रिकामं फोल्डर बघताना घशाशी आलं. इतकी भक्कम बांधणी २००६ साली असती तरी आजीचे फोटो गेलेच असते.

खेळांचं लवकर सांगते. व्हर्च्युअलबॉक्सच्या मशीनमध्ये खेळ नीट तपासता येत नाहीत. व्हल्कन, म्हणजे खेळ ज्या भाषेत कार्डाला चित्र काढायला सांगतात ती, खऱ्या कार्डापर्यंत पोचत नाही, मग चित्र काढायचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. सुपरटक्सकार्ट या शर्यतीच्या खेळातला पेंग्विन वळणावर अडखळत, थांबत थांबत गेला. आत अख्खं कार्ड द्यायची सोय दुसऱ्या काही प्रोग्रॅममध्ये असते, व्हर्च्युअलबॉक्समध्ये नाही. लेक हिरमुसला. त्याला लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारं प्रोटॉन समजावून सांगितलं, की विंडोजचे बरेचसे खेळ डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत बोलतात आणि प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके दुभाष्यासारखं ते व्हल्कनमध्ये सांगतं. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं २०१८ साली, पण ते ज्या वाइन या प्रोग्रॅमवर उभं आहे त्याचं काम १९९३पासून चाललंय. पंचवीस वर्षं लोकांनी खपून हा रस्ता बांधला, म्हणून आज घणसोलीतल्या एका पोराला जुन्या मशीनवर खेळता येणार आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं. मावसभावाचं व्हॅलोरंट मात्र लिनक्सवर चालणार नाही, त्याची फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोजसाठीच आहे. हे आत्ताच सांगून ठेवलं, नंतर रडारड नको.

मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डही तिथेच लावून पाहिलं. 'दऱ्याखोऱ्या' लिहिलं आणि अर्धा र जागेवर बसला. 'ळ' नीट, 'ॲ' नीट. या नोंदीचा पहिला परिच्छेद तिथेच टाइप केलाय.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. म्हटलं, "बाबा, तुम्हाला आधी सांगायचं होतं. उद्या कॉम्प्युटर पुसतेय."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन ठिकाणी ठेवलंस ना गं?"

एका ठिकाणी झालंय. दुसरी डिस्क आत्ता जोडली आहे, १८० जीबींपैकी ४० उरलेत. संपलं की दोन्हींवरचे आठ-दहा फोटो उघडून बघणार आणि मग झोपणार.