जुना वस्तरा गालाला लावण्याआधी

बुधवारच्या बाजारात गोदाकाठी ताडपत्रीवर जुनं लोखंड मांडून बसणारे विक्रेते आता मला लांबूनच हाक मारतात. पाने, पकडी, कुलपं यांच्या ढिगात अधूनमधून एखादा अखंड पात्याचा वस्तरा निघतो. नाशकात तो निघावा यात नवल नाही. रामकुंडावर पिढ्यान्पिढ्या मुंडणं चालू आहेत, कुणाची ना कुणाची धोकटी कधीतरी भंगारात जाणारच. पात्याच्या मानेवर जर्मनीतल्या सोलिंगेन किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा ठसा दिसला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. मग घरी प्रश्न ठरलेला: "शी, कुणाकुणाच्या गालावरून फिरला असेल तो!"

प्रश्न रास्त आहे. वस्तरा बारीक का होईना, कातडी खरवडतोच, म्हणजे रक्ताशी संबंध आला. हेपटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस तग धरतो. वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिलेल्या वस्तऱ्यावर तो उरला असेल असं नाही. पण हा वस्तरा पेटीतून बाहेर कधी आला, हे कुणाला ठाऊक? विकणारा धार दाखवायला स्वतःच्या मनगटावरचे केस काढून दाखवतो. चार दिवसांपूर्वी आणखी एखाद्या हौशी गिऱ्हाइकाने तेच केलेलं असू शकतं. म्हणून मी प्रत्येक वस्तरा कालच कुणीतरी वापरलाय असं धरून चालतो.

माझी वहिनी एका रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या विभागात आहे. कुठलं औषध वापरू, एवढंच मी तिला विचारलं होतं. तिने उलट विचारलं, "भावजी, आधी घासलात का? मळ तसाच ठेवून वरून औषध ओतलंत तर मळच तेवढा निर्जंतुक होईल, तोही वरवर." तिच्याकडे हत्यार आधी धुतलं जातं, भिंगाखाली तपासलं जातं, मग पुढची सगळी यंत्रं.

वस्तऱ्याचा मळ पात्यावर नसतो, मुठीच्या पोटात असतो. पातं मिटल्यावर मुठीच्या दोन बाजूंमध्ये जी फट राहते, तिच्यात आणि रिवेटच्या वायसरभोवती. हातमोजे घालून, पातं उघडं ठेवून, कोमट पाणी, भांड्यांचा द्रव साबण आणि जुना टूथब्रश घेऊन बसायचं. ब्रश जिथे पोचत नाही तिथे सुती चिंधीची पट्टी साबणात भिजवून फटीतून ओढायची. पहिली पट्टी काळी येते. वाळलेल्या साबणाचा थर, तेलाचा चिकटा, गंज, आणि त्यात अडकलेले खुंटासारखे बारीक केस. पट्टी पांढरी येईपर्यंत हे चालू ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण औषधापेक्षा इथेच जास्त जीव लावावा असं माझं मत आहे. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने पाठीकडून धारेकडे, कधीही धारेवर उलट नाही. नंतर भिंगातून धार बघायची. धारेवरच गंजाचे खड्डे पडले असतील तर तो वस्तरा शोकेसमध्ये.

आता औषध. ब्लीच सगळ्यांना आठवतं. जंतू मरतात यात शंका नाही, पण हे पातं कार्बन स्टीलचं, स्टेनलेस नव्हे. ब्लीचने त्यावर बघता बघता खड्डे पडतात. त्यात कुणी गंज काढायला आधी व्हिनेगर वापरलेलं असलं आणि त्यावरच ब्लीच ओतलं तर क्लोरिन वायू सुटतो. तुरटी दाढीनंतर कातडी आकसायला उत्तम, तिच्याकडून वस्तरा निर्जंतुक करून घ्यायची अपेक्षा नको.

मी वापरतो ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. नाशकातल्या अंबडच्या आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, ते पुसायला रोज लागतं, त्यामुळे ९९ टक्क्यांचा कॅन डोळ्यांसमोरच असतो. पण जास्त टक्के म्हणजे जास्त जालीम, हे इथे उलटं आहे. जंतूंमधली प्रथिनं मोडायला पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. ७० भाग अल्कोहोलमध्ये ३० भाग डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेच आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते. पातं त्यात बुडवून १० मिनिटं ठेवायचं आणि लगेच कोरडं करायचं. गॅस बंद, खिडकी उघडी.

फक्त पातं बुडवायचं, मूठ नाही. जुन्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, बेकेलाइटच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. शिंग अल्कोहोलने रुक्ष होऊन तडकतं, सेल्युलॉइड मऊ पडतं. सेल्युलॉइड ओळखायची सोपी रीत म्हणजे मूठ अंगठ्याने जोरात चोळून हुंगायची. कापराचा वास आला की सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूर घालतात. वास आंबूस, झोंबणारा असेल आणि मुठीच्या सावलीतलं पातं तेवढंच गंजलेलं असेल, तर ते सेल्युलॉइड कुजायला लागलंय. त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शेजारच्या वस्तऱ्यांनाही गंजवते. असली मूठ कितीही देखणी असली तरी काढून टाकतो.

उकळण्याबद्दल टूलरूमवाला म्हणून बोलतो. उकळत्या पाण्याने पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरत नाही, कारण पातं त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला टेम्पर केलेलं, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं. नुकसान मुठीचं होतं. मूठ काढलेली असेल तर १२१ अंशांची दाबाखालची वाफही पात्याला सोसते, फक्त बाहेर काढताच पुसावं लागतं. माझी ही कल्पना आमच्या घरच्या कुकरच्या बाबतीत फेटाळली गेली आहे. गॅसच्या ज्योतीवर मात्र पातं कधीही धरू नका. धार कागदाहून पातळ असते, काही सेकंदांत तिच्यावर निळी झाक येते. निळी झाक आली की पाणी उतरलं, मग कितीही घासा, धार टिकत नाही.

यानंतर धार लावायची. १००० चा दगड, मग ३०००, मग ८००० (आकडा मोठा तितका दगड बारीक), पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून. जुनी धार झिजून खाली ताजं पोलाद निघतं, त्यामुळे गालाला लागणारा भाग खऱ्या अर्थाने कुणाचाच नसतो. दगडावरून उतरल्यावर पुन्हा एकदा अल्कोहोल, कोरडं करणं, आणि मगच शेवटचा हात फिरवायला चामड्याचा पट्टा. हा क्रम मोडला तर वस्तऱ्यावरचं सगळं पट्ट्यावर जातं, आणि चामडं निर्जंतुक करणं आपल्या आवाक्यातलं नाही. वस्तऱ्याबरोबर जुना पट्टा फुकट मिळाला तर घेऊ नका. दाढीचा जुना ब्रश तर नकोच. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशमधून माणसांना अँथ्रॅक्स झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे आपल्या गुरांमधली काळपुळी. तिचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेले जंतू, अल्कोहोलला दाद देत नाहीत.

धनुर्वाताचंही तेच. तो गंजातून येतो असं सगळे म्हणतात. खरं तर त्याचे बीजाणू मातीत असतात, आणि हा माल नदीकाठच्या मातीतच मांडलेला असतो. अल्कोहोल तिथेही लंगडं. १० वर्षांत इंजेक्शन घेतलं नसेल तर घ्या. वहिनीने मला हेपटायटिस बीची लसही घ्यायला लावली, वस्तऱ्यापेक्षा ती महाग पडली.

एवढं करूनही तो एकाच माणसाचा वस्तरा. पुतण्या मागतो, मी देत नाही. सलूनवाले गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड मोडून घालतात ते उगाच नव्हे. ठेवताना पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्या, खोबरेल नको, ते खवट होतं. पावसाळ्यात तर विसरूच नका. आणि दाढीआधी ते तेल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा.