तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रामपंचायतीच्या मेंबर कशाला झालात?

"ताई, लेकीसाठी भांडलात ते समजतं. पण त्यासाठी राजकारणात कशाला उतरलात?"

लग्नात विचारतात, एस.टी.त विचारतात, शाळेच्या पालकसभेत तर हमखास. विचारणाऱ्यांच्या बोलण्यात माया असते आणि थोडी हळहळही, चांगल्या घरची बाई कुठे त्या भानगडीत पडली अशी. उभ्या उभ्या काय सांगणार? मी "लागलं पडावं" म्हणते आणि विषय बदलते. पण परवा माझ्या सख्ख्या मावशीनंही हेच विचारलं, तेव्हा वाटलं, एकदा नीट बसून लिहावं. गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा आमच्या शिवेवर कचऱ्याचा डेपो होताच. तालुक्याच्या गावाचा सगळा कचरा तिथे यायचा. डेपो म्हणायचं, पण तिथे होता फक्त ढीग. उन्हाळ्यात तो आतून धुमसायचा आणि पावसाळ्यात त्यातून काळं पाणी ओढ्याला लागायचं. माशा इतक्या, की आम्ही मुलांना मच्छरदाणीत बसवून जेवायला वाढायचो. बाहेरून ताट आत सरकवायचं आणि झटकन कड दुमडायची. माझ्या धाकटीला बरेच दिवस वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं जेवतात.

चौथ्या वर्षी तिला दम लागायला लागला. डॉक्टरांनी पंप दिला आणि सांगितलं, हिला धुरापासून लांब ठेवा. हा आजार डेपोमुळेच झाला, असं त्यांनी लिहून दिलं नाही. एका पोरीच्या बाबतीत तसं छातीठोक सांगता येत नाही, हे मलाही आता कळतं. पण धुरापासून लांब म्हणजे कुठे? आमची वस्ती डेपोच्या सगळ्यात जवळची. इथे कोणाच्या नावावर सातबारा नाही, घरं गायरानाच्या कडेला. कचरा नेहमी अशाच ठिकाणी येतो. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जातोय, पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. त्यांच्या विहिरींचं काय झालं ते अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलं. शहर वाढतं तसा त्याचा कचरा ज्यांचं कुठे चालत नाही त्यांच्या दाराशी जाऊन पडतो. मला याचा संताप येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

पहिली तीन वर्षं मी राजकारणात नव्हतेच. निवेदनं दिली, मोर्चे काढले, दोनदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पोरीला कडेवर घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. साहेब चांगलं बोलायचे. खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे, "मलाही मुलं आहेत हो ताई" म्हणायचे. निवेदनाच्या झेरॉक्सवर पोचेचा शिक्का मिळायचा आणि आम्ही घरी यायचो. आईचं दुःख सगळ्यांना कळतं. पण आई काय मागते याला कागदावर जागा नसते.

एके दिवशी त्याच कार्यालयातल्या एका क्लार्कनं दारापाशी हळूच सांगितलं, "बाई, तुमच्याच ग्रामपंचायतीचा नाहरकत ठराव आहे फायलीत. गावानंच दिलीय जागा."

मी माहिती अधिकारात तो ठराव मागितला. उत्तर आलं, "अभिलेख आढळून येत नाही." ज्यांनी कधी अर्ज केलाय त्यांना हे वाक्य पाठ असेल. ठरावांची वही मात्र ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कपाट मेंबरांसमोर उघडतं, माझ्यासमोर उघडणार नव्हतं.

म्हणून मी मेंबर झाले. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे.

आपल्याकडे २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या. त्या वेळी सोडतीत आमचा वॉर्ड महिला राखीव निघाला. दोन्ही पॅनलवाल्यांनी आपापल्या माणसांच्या बायका उभ्या केल्या, मी अपक्ष अर्ज भरला. घरचे आठ दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. एकोणीस मतांनी आले.

निवडून आल्यावर महिन्याभरानं मी जुनी प्रोसिडिंग मागितली. लाल पुठ्ठ्याची वही, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पानांना रॉकेलचा वास. तो ठराव शोधायला दोन दुपारी गेल्या. ग्रामसभेला शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, जे कमी असेल तेवढी हजेरी लागते. त्या दिवशी गणपूर्ती झाली नव्हती म्हणून सभा तहकूब केली होती. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. ज्यांना काही उरकून घ्यायचं असतं त्यांना हा नियम बरोबर माहीत असतो. आठवड्यानं भरलेल्या त्या सभेत, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी आलेल्या विषयात, नगरपालिकेला जागा देण्यास हरकत नाही असं चार ओळींत लिहिलं होतं. खाली अकरा सह्या.

सातवी सही माझ्या सासऱ्यांची होती.

रात्री मी त्यांना काही बोलले नाही. सकाळी दात घासताना तेच म्हणाले, "वही बघितलीस म्हणे." मी हो म्हटलं. "पक्का रस्ता देतो म्हणाले होते. आणि नळ. आम्हाला काय ठाऊक किती कचरा येणार ते." रस्ता झाला होता खरा. कचऱ्याच्या गाड्यांना लागतोच की. मला त्यांचा राग आला नाही. तहानलेल्या माणसाला नळ दाखवून सही घेतली होती. त्या सहीचा हिशोब सहीवाल्याकडे मागायचा नसतो.

पंचायतीत पहिलं वर्ष माझं एकाच वाक्यात गेलं : "हे वहीत लिहा." मासिक सभेत मी डेपोचा विषय काढला की सगळे ऐकून घ्यायचे, ग्रामसेवक मान हलवायचे आणि लेखणी तशीच थांबलेली असायची. मग मी सभा संपली तरी उठेना. माझा विरोध नोंदवल्याशिवाय हजेरीवर सही करेना. हट्टी बाई म्हणून नाव झालं. होऊ दे. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेल्याला पुढच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं.

पाण्याचंही तसंच. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. आमच्या यादीतल्या पाचजणींपैकी दोघी कधी किटला हात लावणाऱ्या नव्हत्या, नावं घातली होती नुसती. मी वस्तीतल्या मुली घातल्या. किटमध्ये एक छोटी बाटली असते. पाणी भरून ठेवायचं, पाण्यात घाण जंतू असले तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. आम्ही सहा ठिकाणचं पाणी भरलं, बाटल्यांवर चिकटपट्टीनं नावं लावली आणि शाळेच्या खिडकीत ओळीनं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं खिडकीशी गोळा झाली. शाळेची बाटली, मारुतीच्या आडाची बाटली, आणि वस्तीच्या विहिरीची, ती शाईसारखी काळी. एक पोरगं म्हणालं, "हे आमच्या विहिरीचंय, मी आत्ताच पिऊन आलो." तिथे उभ्या असलेल्या एकाही बाईला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. नंतर सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही. आता हा कागद आमच्या बाजूचा होता.

तेवढ्यात नगरपालिकेनं आणखी जागा मागितली, डेपोलगतचं उरलेलं गायरान. वरून ग्रामपंचायतीचं म्हणणं मागवलं. या वेळी ते पत्र मी वाचलं, आवक वहीत नोंद झाली त्याच दिवशी. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं, कचरा पुरण्याची जागा वस्तीपासून आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब हवी. मी शेजारच्या गवंड्याकडून तीस मीटरचा टेप मागून आणला. टेपचं एक टोक थोरल्यानं विहिरीच्या कठड्याला धरलं, दुसरं मी. दर तीस मीटरला खडूनं दगडावर खूण. चार टेप भरले आणि पाचवा सात मीटरवर थांबला, तिथे मागितलेल्या जागेच्या हद्दीचा दगड होता. १२७. आम्ही परत उलट्या बाजूनं मोजलं. पुन्हा १२७. सासरे काठी टेकत मागून आले होते. त्यांनी काही न बोलता तिसऱ्यांदा टोक हातात धरलं.

ग्रामसभा दोन ऑक्टोबरची. कायद्यानं तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बहुतेक गावांत कागदावरच होते, अंगणवाडीताई सह्या गोळा करतात. आम्ही ती खरीखुरी घेतली. १८७ बायका आल्या, दुसऱ्या दिवशी त्याच ग्रामसभेला आल्या. गणपूर्तीचा प्रश्नच नव्हता, तहकूब करायला निमित्त उरलं नाही. ठराव पहिल्या विषयात घेतला, ऐनवेळच्या नाही. जुना नाहरकत ठराव रद्द, नव्या जागेला विरोध, सोबत पाण्याचा अहवाल आणि मोजमापाचा पंचनामा. हात वर करताना सासऱ्यांचाही हात वर होता.

आपल्याकडे दारूच्या दुकानासाठी 'आडवी बाटली' आहे. गावातल्या एक चतुर्थांश मतदार बायकांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं, यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. किती गावांतल्या बायकांनी ते करून दाखवलं. पण दाराशी कचऱ्याचा डोंगर आणायचा का, यावर असं मतदान नाही. ग्रामसभेचा ठराव वर जातो आणि वरचा साहेब तो मानेल किंवा बाजूला ठेवेल. हे बदललं पाहिजे. जिची चूल डेपोच्या धुरात पेटते तिला यावर मत देण्याचा हक्क असायला हवा, नुसतं म्हणणं मांडण्याचा नाही.

आमचा ठराव बाजूला ठेवला गेला. तेव्हा आम्ही चौघीजणी पुण्याच्या हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाकडे गेलो. नुकसानभरपाई मागायची नसेल तर तिथे अर्जाची फी हजार रुपये आहे. भिशीतून दिली. अर्जाला काय जोडलं? जुना ठराव, नवा ठराव, पाण्याचा अहवाल, मासिक सभांमधला माझा नोंदवलेला विरोध, तारखेनिशी. तीन वर्षांच्या मोर्च्यांतलं आमच्याकडे जोडायला काय होतं? पोचेचे शिक्के आणि फोटो. मी मोर्च्यांना कमी लेखत नाही, त्यांच्याशिवाय त्या १८७ जणी एकमेकींना ओळखत नव्हत्या. पण तिथे टेबलावर वहीच लागली.

नवी जागा आजपर्यंत दिलेली नाही. जुना ढीग उपसून चाळायचं काम सुरू झालं, निम्मं झालं, ठेकेदार गेला. ढीग पेटायचं कमी झालंय, थांबलेलं नाही. वस्तीच्या विहिरीचं पाणी आम्ही पीत नाही, टँकर येतो. मुलगी सातवीत आहे. पंप दप्तरात असतो, गेल्या हिवाळ्यात दोनदाच लागला.

ग्रामसभेच्या त्या दिवशी तिला ताप होता. मी तिला जावेजवळ ठेवून गेले. ते अजून कोणी ना कोणी बोलून दाखवतं, "पोर तापानं फणफणलेली आणि आई सभेत." हो, सभेत होते. तिच्याचसाठी होते, आणि त्या खिडकीशी उभ्या असलेल्या पोरासाठीसुद्धा.

या वर्षी पुन्हा निवडणूक आहे. पुढच्या महिन्यात आरक्षणाची सोडत निघेल. आमचा वॉर्ड या वेळी महिला राखीव न निघता सर्वसाधारण निघेल, असं सगळे म्हणतायत. म्हणजे पुरुषांचे फॉर्म येणार, पैसाही येणार. मावशी, तू विचारशीलच म्हणून आत्ताच सांगून ठेवते : वॉर्ड कसाही निघो, मी फॉर्म भरतेय.